ताईची प्रस्तावना

४ सप्टेंबर
आले एकदाची! प्रकाशककाकांच्या घराची वरची खोली माझी, कादंबरी पुरी होईपर्यंत. खिडकीशी टेबल आहे. ते डुगडुगू नये म्हणून त्याच्या एका पायाखाली न खपलेला कवितासंग्रह सरकवलेला आहे. नव्या लेखिकेचे पाय जमिनीवर ठेवायला एवढं दृश्य पुरेसं आहे. काकू म्हणाल्या, घर आपलंच समज. काका म्हणाले, शेवटचं प्रकरण सावकाश लिही, घाई नाही. मला आकाश ठेंगणं झालंय.

हे सगळं ताईमुळे. माझं प्रत्येक पान आधी ताई वाचते, लाल पेनाने झोडपून काढते आणि मगच ते दुसऱ्या कुणाला दिसतं. हस्तलिखितही तिनेच काकांकडे पोचवलं. मी दारापर्यंत येऊन परत फिरले असते. ती स्वतःही लिहायची. सगळीकडून साभार परत आल्यावर तिने लिहिणं सोडलं आणि माझ्या मागे लागली. तिच्यासारखी बहीण मिळायला भाग्य लागतं.

९ सप्टेंबर
सकाळी वर लिहायचं, दुपारी खाली कचेरीत बसून मुद्रितं तपासायची. तिथे टाइप करणाऱ्या बाई कामापुरतंच बोलतात, पण अधूनमधून माझ्याकडे बघत बसतात. काकांच्या कपाटात त्यांनी काढलेली पुस्तकं ओळीने लावलेली आहेत. प्रत्येक लेखकाचं एकच, दुसरं कुणाचंच नाही. मी विचारलं तर काका हसून म्हणाले, बिचारे पहिल्यातच सगळं देऊन मोकळे होतात. मी मनात म्हटलं, थांबा, मी तुम्हाला पाच देते.

मुखपृष्ठामागचा फोटोही काढून झाला. काकूंनी बजावलं, फार हसू नकोस. थोडा खोकला झालाय, त्यावर त्या सकाळ-संध्याकाळ कसलंसं गोड औषध देतात. माया आहे बाईंना.

१५ सप्टेंबर
खोकला गेला, औषध चालूच आहे. हात जड वाटतात. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. शेवटच्या प्रकरणाची अर्धीच ओळ होते आणि डोळे मिटायला लागतात. काका म्हणतात, जमेल तेवढंच लिही, अपुरं राहिलं तरी चालेल. असा प्रकाशक कुठे असतो?

१८ सप्टेंबर
टाइप करणाऱ्या बाई जेवायला गेल्या होत्या. त्यांच्या टेबलावर माझ्या पुस्तकाची मुद्रितं होती. पहिल्याच पानावर ताईची प्रस्तावना! मला न सांगता लिहिली, म्हणून आधी लाडिक रागच आला.

मग वाचलं. ‘हे पुस्तक पाहायला आज माझी बहीण या जगात नाही. दीर्घ आजारातही तिने लेखणी सोडली नाही.’ आणि शेवटी: ‘त्या दिवशी ती रोजनिशी लिहीत होती. मी समोर बसले होते. तिचं शेवटचं वाक्य माझ्याविषयी होतं आणि ते अर्धंच राहिलं.’

मला कुठला आजार? साधा खोकला झाला होता.

बाई परत आल्या. माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं. दाराकडे बघत कुजबुजल्या, की काकांना नवखा लेखक विकता येत नाही, गेलेला विकता येतो. म्हणाल्या, जमलं तर आजच नीघ.

ताईने हे लिहिलेलं नाही. काकांनी तिचं नाव वापरलंय. दुसरं काही असूच शकत नाही.

१९ सप्टेंबर
निघता आलं नाही. काल दरवाजापाशीच कोसळले. काकूंनी धरून वर आणलं. बाहेरून कडी. औषध मोरीत ओतलं. जेवणही.

बाईंनी मात्र मघाशी काकूंची नजर चुकवून स्वतःचा फोन दिला. ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेऊ नकोस, मी न्यायला येते.

आता येऊ दे त्यांना. ताई आली की बघून घेईल एकेकाला.

२० सप्टेंबर
बाई कामावर आल्या नाहीत. खाली काका फोनवर कागदाचा भाव ठरवताहेत. घसा कोरडा पडलाय. ताई येईल.

२१ सप्टेंबर
ताई आली! गळ्यात पडून पोटभर रडले. ती म्हणाली, तो काकांचा चावटपणा आहे, डोक्यातून काढून टाक. स्वतः खाली जाऊन चहा करून आणला, मला लागतो तसा खूप उकळलेला. किती दिवसांनी पोटात काहीतरी गरम गेलं. थोड्या वेळाने निघायचं.

त्याच दुपारी
प्रस्तावनेत एक ओळ आहे. लहानपणी मी खाटेखाली लपून बुटांच्या खोक्यांच्या झाकणांवर गोष्टी लिहायचे. हे काकांना कसं माहीत? आईलासुद्धा माहीत नव्हतं.

ताईला विचारलं. तिने नजर चुकवली नाही. म्हणाली, पुस्तक तर राहील ना गं. मुखपृष्ठावर तुझं नाव, खाली माझं. तू सुटलीस तर दोघींचंही काही राहणार नाही.

बोटं बधिर—

ती समोर बसलीये. म्हणते, लिही, मी आहे इथेच.

तिच्याविषयी लिहायचं नाही. एक अक्षर नाही. तिचं ते वाक्य खोटं पाडायचं. टेबल. खिडकी. पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकतंय. पंखा—

माझे केस कपाळावरून मागे सारतेय. रडतेय. खरंच रडतेय—

खिडकी. भिंत. भिंतीला

ताई, सगळं ओतून दिलं गं मी, पण चहा तुझ्या हातचा होता म्हणून मी