शंभर काउंट्या आणि आमची गल्ली

ती. शंतनूदादा,

कॅरीहून आसावरीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनी तुला रोज फिरायला नेतात असं कळलं, म्हणजे प्रकृतीची काळजी नाही. राजेश, अनिका आणि मी, आम्ही तिघंही बरे आहोत.

मागच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगायची राहिलीय. अनिकाला (तुझी भाची तेव्हा नुकतीच अठराची झाली होती) प्रोजेक्टसाठी आमच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शंभर काउंट्यांचा, म्हणजे जिल्ह्यांचा, तक्ता करायचा होता. कुठल्या काउंटीत अठरा वर्षांवरचे नागरिक किती, असा. मी मेथी निवडता निवडता डोकावले आणि अडकलेच. प्रत्येक आकड्यापुढे 'अधिक-उणे' म्हणून आणखी एक आकडा! म्हणजे एखाद्या छोट्या काउंटीत शंभर-दीडशे माणसं आहेतही आणि नाहीतही. हे सगळं अंदाजे असतं, असं अनिकाने मला तीनदा समजावलं.

मला राहवेना. तू शाळेत शिकवताना जनगणनेला दारोदार हिंडायचास, मग मला निदान आमची गल्ली मोजता येऊ नये? वही घेऊन निघाले. चौदा नंबरच्या सत्यजितला वाटलं मी सोसायटीच्या कमिटीकडून आलेय. मी तोंड उघडायच्या आत तो कचऱ्याचे डबे गराजमध्ये ढकलू लागला (डबे बाहेर दिसले की कमिटी दंड करते). शेजारचा मिहीर पुण्याहून व्हिसावर आलेला. "नागरिक आहेस का?" एवढंच विचारलं, तर बिचाऱ्याने पासपोर्टपासून लसीच्या दाखल्यापर्यंत अख्खी फाईल माझ्यापुढे मांडली. (संध्याकाळी शिरा नेऊन दिला, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.)

शेवटच्या घरात डोरिस राहते, ऐंशीची निवृत्त नर्स. तिने बसवलं, आइस टी दिला, वही चाळली आणि विचारलं, "यात तू कुठेयस?"

मी म्हटलं, कुठेच नाही. ग्रीन कार्डाला बारा वर्षं झाली, नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पण केलेला नाही. राजेशनेही नाही. आमच्या घरातून मोजली जाते ती एकटी अनिका, कारण ती इथे जन्मली.

"का नाही केलास?" तिने विचारलं. टोमणा नव्हता रे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी आइस टी संपवला आणि वही घेऊन घरी येऊन बेरीज केली.

गल्लीतले नागरिक भरले एकतीस. अनिकाने तो आकडा प्रोजेक्टमध्ये घेतला नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आसावरी

ता. क. मी अर्ज भरला. परीक्षाही पास झाले. शपथ येत्या शुक्रवारी आहे. त्यानंतर भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल. हे आईला तू सांगशील का?

आणखी एक ता. क. मी स्वतः तिला चार वेळा फोन केला. चारही वेळा ऐनवेळी धीर सुटला आणि लोणच्याची कृती विचारून फोन ठेवला. आता तिला वाटतंय, मी इथे लोणच्याचा धंदा काढतेय. तिने माझ्यासाठी पाच किलो मोहरीची डाळ आणून ठेवलीय. तेवढं पार्सल आधी थांबव.