आधी आजीचा हात

प्रिय भुंगी,

पाकिटावर ठळक लिहिलंस म्हणे, 'फक्त आजीने वाचावं'. अगं बाई, आजीला वाचता कधीपासून यायला लागलं? तुझ्या विसरभोळेपणाचं मला नवल नाही. जन्मल्याबरोबर रडायचंच विसरली होतीस, पाठीत चापट बसली तेव्हा कुठे आठवलं. हे उत्तर लिहून घ्यायला शेजारच्या मास्तरीणबाई बसल्या आहेत. मी बोलते तेवढंच लिहा, पदरचं शहाणपण घालू नका, असं बजावलंय. आत्ता त्यांनी तोंड वाकडं केलं. तेही लिहा म्हटलं.

बाळ रात्रंदिवस लाथा मारतंय, झोपू देत नाही, असं कळवलंस. मारू दे. तुझंच आहे, गुणाचं कुठून असणार? तू शरीरशास्त्र शिकत होतीस, तेव्हाची ती दुपार आठवते का? मला पालथी निजवून केसाची पिन उघडलीस आणि तिची टोकं पाठीला लावून विचारलंस, किती? मी म्हटलं, एक. होती दोन. मग तीच टोकं बोटाच्या शेंड्यावर अगदी जवळजवळ टेकवलीस, तर मी फटकन दोन म्हटलं. तेव्हा तू मला शिकवलंस की कातडीखाली बारीक बारीक पहारेकरी बसलेत. हलक्या स्पर्शाचा वेगळा, दाबाचा वेगळा, थरथरीचा वेगळा, आणि चटका नि दुखणं कळायला तर नसांची उघडी टोकंच. बोटांच्या शेंड्यांवर त्यांचा बाजार भरलेला, पाठीवर नुसता शुकशुकाट. मी म्हटलं, हात्तिच्या, म्हणूनच तुझ्या आजोबांना पाठीमागे मारलेले टोमणे लागत नव्हते!

तुझी ती सगळी विद्या मला गिरणीत न शिकवताच येत होती. कापड तपासायच्या टेबलावरून तागा सरकायचा, मी शेजारणीशी गप्पा मारत खिडकीबाहेर बघत असायचे, आणि बोटाखाली गाठ आली की हात आपोआप थांबायचा. अक्षर एक ओळखलं नाही, पण गाठ एक सोडली नाही. त्यावरून आपल्या घरात रीतच पडली. बाळ कुणाचंही असो, आंघोळीच्या पाण्यात आधी आजीचा हात. मी 'सोड' म्हणेपर्यंत बाळ टबात जायचं नाही. तुझा बाप, तू, तुझा दादा, सगळे माझ्या हाताखालून गेलात.

ती बोटं कधी गेली ते मला सांगता येणार नाही. जे जाणवतच नाही, ते गेल्याचं जाणवणार कसं? आधी मुंग्या आल्या, मग सदान् कदा हातमोजा घातल्यासारखं वाटायला लागलं. एकदा शिवताना सुई बोटात शिरली, ते कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा कळलं. साखरेच्या डॉक्टरने डोळे मिटायला लावले नि टाचणी टेकवत विचारलं, कळतंय का? मी पापणीच्या फटीतून बघून सगळी उत्तरं बरोबर दिली. जन्मात एकच परीक्षा दिली भुंगे, तीही कॉपी करून. पास झाल्याचं घरात हसत हसत सांगितलंसुद्धा. मला वाटलं, बोटं गेली हे कळलं की घरात मला विचारणारच कोण?

तुझ्या दादाच्या गुंड्याचा पाय भाजला हे तुला कळवलंच आहे. पाय आता बरा आहे. पण नळाचा आवाज आला की अजून पाय पोटाशी घेतो. तुझ्या आईने सगळ्यांना सांगितलं, 'माझ्याच हातून गरम पाणी जास्त पडलं', असा दोष स्वतःवर घेतला. तुझी वहिनी भांडली नाही, पण आई गुंड्याला घ्यायला वाकली की ही आधीच उचलून घेते. आई मग तशीच वाकलेली राहते, जमिनीवरचं काहीतरी उचलल्यासारखं करते.

आता ऐक. त्या दिवशी तुझ्या आईचे दोन्ही हात बाळाच्या काखेत होते. पाण्यात हात माझा होता. मला कोमट वाटलं. 'सोड' मी म्हटलं. पोर किंचाळलं तेव्हा हात बाहेर काढला, तर तोही लालबुंद, आणि मेल्याला पत्ताच नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं गं. मी तो हात पाठीमागे धरला आणि गप्प बसले. तुझ्या आईने मला एका शब्दाने विचारलं नाही. सासूचा हात चुकेल हे तिच्या मनातही आलं नाही.

आणि तुझं पत्र आलं. बाळंतपणाला आई नको, तिच्या हाताची आता भीती वाटते, माझ्या बाळाला न्हाऊमाखू आजीनेच घालावं. भुंगे, माझी पत्रं मला कोण वाचून दाखवतं, हे विसरलीस. तुझ्या आईनेच वाचलं, चष्मा पुसून, माझ्यासमोर बसून. ती ओळ तिला गाळता आली असती, मला काय कळणार होतं? तिने गाळली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, जा तुम्ही, पोरीला बरं वाटेल. म्हणून हे पत्र. मास्तरीणबाई लिहायच्या थांबल्यात. लिहा हो. आज सगळे जेवायला बसले की मी हे सगळ्यांसमोर बोलणार आहे, तुझ्या वहिनीकडे तोंड करून. तुझ्याकडे तुझी आईच येईल. पाण्यात तिचाच हात आधी जाऊ दे, आणि ती दारात आली की पाया पडायच्या आधी तिचे हात हातात घे.

डॉक्टरला खरं सांगून आले. गेलेलं परत येईल असं तो म्हणाला नाही, पण बोटांत जे उरलंय त्याला कामाला लावा म्हणाला. तेव्हा गोडधोड काही नको. टरफलासकट अक्रोड आणि टरफलासकट बदाम पाठव, एकाच पिशवीत मिसळून. डोळे घट्ट मिटून वेगळे करत बसेन, आणि समोर तुझ्या वहिनीला बसवीन, म्हणजे फटीतून बघायची सोय नको.

तुझीच,
लबाड आजी