दारापासून दारापर्यंत

२८ जानेवारी

झालं! कायदा पास झाला. राजधानीत बसून हात वर करायला यांचं काय जातंय? मक्याच्या टॉर्टिया भाजणाऱ्या दोन दुकानांत तीनशे मीटर हवेत — दारापासून दारापर्यंत, चालत मोजलेले. कमी भरले तर ज्याचा परवाना नवा त्यानं गाशा गुंडाळायचा. आमदार रेडिओवर म्हणतो, "लहान दुकानदारांच्या भल्यासाठी." हो, मांजरही उंदराच्या भल्यासाठीच बिळापाशी बसतं! महामार्गावरच्या त्या भल्यामोठ्या बाजाराला मात्र कायदा लागूच नाही. तोही टॉर्टिया विकतो, पण त्याचा म्हणे तो 'मुख्य धंदा' नाही.

माझ्या दारातून फिदेन्सियोच्या दुकानाचा निळा पत्रा दिसतो. तीनशे कुठले भरायला?

२९ जानेवारी

दुकान आईच्या वेळचं. पण ती गेल्यावर माझ्या नावावर झालं, तीच तारीख धरणार. फिदेन्सियोचा परवाना त्याच्या आधीचा. म्हणजे जायचं मी.

३१ जानेवारी

फिदेन्सियो सकाळी दोरी घेऊन रस्त्यावर! चोले माझ्याकडे मशीनवर असते, तिनं पाहिलं. "दोन्या हेर्मेलिंदा, तुमच्या उंबऱ्यापर्यंत आला, दोरीला गाठ मारली आणि गेला."

दुपारी स्वतःच हजर. टोपी हातात. "कोमाद्रे, दार हलवायचा विचार नाही ना? आहे तिथंच असू द्या." माझ्या दाराची एवढी काळजी कशाला, बाबा?

माझ्या लेकीला, नोएमीला, बाप्तिस्म्याच्या वेळी यानं पाद्रिनो, म्हणजे धर्माचा बाप म्हणून हातावर धरलं. त्या दिवसापासून तो माझा कोंपाद्रे, मी त्याची कोमाद्रे. या नात्यात आवाज चढवायचा नाही, पाठीमागं वाईट करायचं नाही. म्हणून हसून म्हटलं, "दार कुठं जातंय, कोंपाद्रे?" आतून नुसती जळत होते.

२ फेब्रुवारी

तीन राजांच्या सणाला पावातली बाहुली त्याच्याच तुकड्यात निघाली होती. म्हणजे आज मक्याच्या पानात वाफवलेले तमाले त्यानं खिलवायचे. त्याच्या बायकोनं, ओतिलियानं, टोपलीभर पाठवले. हा आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! "काम निघालं" म्हणे. मनात पाप असलं की तोंड दाखवणं जड जातं.

तमाले चांगले होते. तीन खाल्ले.

५ फेब्रुवारी

त्याच्याकडे सिमेंट उतरलं. विटासुद्धा.

६ फेब्रुवारी

आत्ता उजेड पडला. दुकान वाढवतोय! माझी गिऱ्हाइकं तिकडंच येणार, मग जागा नको? मी अजून मेले नाही आणि यानं माझ्या मागच्या प्रार्थनेचा स्वयंपाक मांडलाय.

८ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधून निघाले तर बार्बाकोआच्या, मटणाच्या टपरीवर कोण? फिदेन्सियो आणि दुकानांची अंतरं मोजायला आलेला राजधानीचा निरीक्षक — एका बाकावर, मांडीला मांडी लावून! मला बघताच फिदेन्सियो बाजूला सरकला. "या कोमाद्रे, रस्सा घ्या." घशाखाली उतरला असता का तो?

नोएमीला फोन केला. "आई, पाद्रिनो तसा नाही गं. सरळ विचार ना त्याला." विचारते! म्हणजे आणखी सावध व्हायला.

१० फेब्रुवारी

पहाटे बायका टॉर्टिया बांधून न्यायचं आपापलं भरतकाम केलेलं कापड माझ्या ओट्यावर रांगेत ठेवून जातात. मग कुणी गाईचं बघतं, कुणी पोरांचं. कापड पाळी धरतं. दुसरीचं कापड कुणी इंचभर सरकवत नाही. आईच्या वेळीही हेच. आज रांग आखूड वाटली. खरंच आखूड होती, की माझेच डोळे फिरलेत?

भीती वाटते. दुकान गेलं तर मी करायचं काय? मका शिजवण्यापलीकडे मला येतं काय? त्या बाजाराच्या दारात ढकलगाड्या गोळा करू?

१२ फेब्रुवारी

चोले सांगत आली — फिदेन्सियोनं मागची भिंत फोडलीय, म्हणून गॅसच्या टाक्या आत घेतल्यात, थेट मशीनशेजारी. "एक ठिणगी पडली तर गेलो हो!"

ते नियमात बसत नाही.

१३ फेब्रुवारी

फोन केला. आगीबिगीचं बघणाऱ्या खात्याला. त्यांनी नाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही. "बघतो" म्हणाले.

रीत मी नाही मोडली. आधी त्यानं मोडली. आणि टाक्या धोक्याच्या आहेतच की! खोटं थोडंच बोलले?

१६ फेब्रुवारी

निरीक्षक मोजायचं चाक घेऊन आला. माझ्या उंबऱ्यापासून निघाला. मी क्रूसाची खूण करून दारात उभी. निळा पत्रा आला — हा थांबेचना! पुढं गेला, कोपऱ्यावर वळला, दिसेनासा झाला. वाटलं, पैसे खाल्लेत, आता नुसतं नाटक.

परत येऊन म्हणाला, "तीनशे अठरा. दोन्ही दुकानं कायम."

"असं कसं?"

"त्यांचं दार आता मागच्या गल्लीला आहे ना. मीच म्हटलं होतं त्यांना, दार खरंच हललं तर मोजमाप हलेल."

धावत गेले. निळ्या पत्र्याखाली दार नाहीच, विटांची ओली भिंत. वळसा घालून मागं गेले. त्या गल्लीत कुत्र्यांशिवाय कोण फिरकतं? भर रस्त्यावरचं दार बुजवलं या माणसानं. काहीही न करता स्वस्थ बसला असता, तरी माझं दुकान उठलं असतं आणि सगळा गाव त्याचा झाला असता!

ओतिलिया हात पुसत बाहेर आली. "हे म्हणाले, आधी सांगितलं तर कोमाद्रे अडवतील. टाक्यांचं छप्पर तेवढं राहिलंय, शनिवारपर्यंत होईल."

आणि मी शुक्रवारीच तो फोन करून बसले होते.

१७ फेब्रुवारी

खात्याला पुन्हा फोन. तक्रार मागं घ्यायचीय म्हटलं. "कुणाच्या नावाची?" नाव नाही. "मग मागं घेणार कोण, बाई?"

हेर्मेलिंदा, तुझ्या जिभेला आग लागो.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

त्याच्या नव्या दारावर सकाळीच सरकारी पट्टी लागली. दुकान बंद. कधी उघडेल ते तेही सांगत नाहीत.

थोड्या वेळानं तो आला. कपाळावर चर्चमधली राख. दोन्ही हातांवर कापडांची चवड — त्याच्या आजच्या रांगेतली. "कुणीतरी तक्रार केली, कोमाद्रे. असो. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना त्या बाजारात नको जायला. पाळीनं लावलीत. सगळ्यात वरचं दोन्या एउफेमियाचं, तिचा पहिला नंबर."

सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते. तोंडातून निघालं, "ठेवा इथं, कोंपाद्रे."