न फिरवलेलं ताट

मियागाओ, १२ नोव्हेंबर

चि. मेर्ली हिस फेलिसा आत्याचे अ. उ. आ.

तू मनिलात बसून काढलेलं कार्टून गेल्या आठवड्यात गावात लागलं. चर्चच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. वडावरचा तो चिरूट ओढणारा राक्षस पडद्यावर आला आणि सगळं गाव तुझ्या बाबांकडे वळून बघायला लागलं. अगं बाई, निदान नाक तरी बदलायचंस. दादा स्वतःच आधी हसला.

पण पुढे राक्षसाने वाढवलेली ती पोरगी भांडून भर जेवणातून उठते, ती सुखरूप पोचावी म्हणून झाडावरची सगळी भुतं आपापली ताटं जागच्या जागी फिरवतात आणि तो एकटा ढिम्म बसून राहतो, तिथे दादा उठला. दारात शेजारीण मला म्हणाली, दगडाचं काळीज गं तुझ्या भावाचं. त्याने ते ऐकलं. तेव्हापासून तो घराबाहेर पडलेला नाही. नाताळला तू येणार हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? लोभ आहेच, पण रागही आहे.

तुझी आत्या


मनिला, २० नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न.

पत्र मिळालं. गावासमोर बाबांची मान खाली जावी असं माझ्या मनातही नव्हतं. पण आत्या, तो प्रसंग माझ्या डोक्यातून आलेला नाही. चित्रं शिकायला जायचं यावरून भांडून मी अर्ध्या ताटावरून उठले, तेव्हा तीनचाकी रिक्षात बसून घराच्या खिडकीतून आत पाहिलं होतं. तू ताट फिरवलंस, आजीने फिरवलं. बाबांनी नाही. जाणारी सुखरूप पोचू दे, एवढंही त्यांना माझ्यासाठी मागावंसं वाटलं नाही. इतकी वर्षं ते मी विसरलेले नाही.

तरी राक्षसाला मी वाईट केलं नाही गं. सगळ्यात जीव ओतून काढलाय तोच. बाबांना मी नको असेन तर कळव, येणार नाही. हे पत्र त्यांना दाखवायचं की नाही, तू ठरव. माया पातळ करू नकोस.

तुझी मेर्ली


मियागाओ, १ डिसेंबर

चि. मेर्लीस आशीर्वाद.

फेलिसाने पत्र दाखवलं. मला लिहायची सवय नाही, हसू नकोस. नाक बरोबर आहे. चिरूट मात्र मी सोडलाय.

ताट फिरवलं नाही हे खरं. ते जाणाऱ्यासाठी फिरवतात. मला वाटलं, पोरगी रागावलीय, पायरीपर्यंत जाईल आणि परत येईल. फिरवलं असतं तर जा असं मीच म्हटल्यासारखं झालं असतं. फेलिसा आवरायला आली, पण तुझ्या ताटाला मी तिला हात लावू दिला नाही. भाताला मुंग्या लागल्या तेव्हा उठलो.

तू गेलीस ते बरंच केलंस. राक्षस दिसला की सभागृहातली पोरं टाळ्या पिटत होती, ते मी पाहिलंय. शेजारणीला काय बोलायचं ते बोलू दे.

नाताळला ये. परत जायचं तेव्हा खुशाल जा, मी अडवणार नाही. फक्त जेवण संपवून निघ.

तुझा बाबा