वेट म्हणजे वजन

बाबा, तुमच्या साच्यातून गेल्या आठवड्यात एक कपलर काढला. मिक्सरच्या भांड्याखालचं ते दातेरी चाक. जुन्या मिक्सरचं बाजारात मिळेनासं झालं की लोक तुमच्याकडे यायचे. साचा पत्र्याच्या पेटीत होता, तुमच्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला. हे चाक टिकलं तर शेजारच्या काकूंना खरं काय ते सांगायचं, असं मी ठरवलं होतं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. लिहायला बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण तसं काही होत नाहीये.

मी सहावीत असेन. त्याआधी तुम्ही मूर्तिवाल्यांकडचं रेझिन वापरून पाहिलं होतं. त्याच्या वासाने आईचं डोकं चढायचं, आणि ते घट्ट होताना आकसून दाते तडकायचे. म्हणून हे दुसरं आणलंत, दोन डब्यांचं, एक मोठा, एक लहान. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही तिच्या शेजारी उकिडवे बसून डबे माझ्यापुढे सरकवता. "वाच गं, काय म्हणतो हा." घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मी मोठी अक्षरं वाचते. "हार्डनर. म्हणजे कडक करणारं." "आणि हे बारीक?" तिथे आकडे आहेत आणि पुढे 'बाय वेट'. उच्चार मला येतो, अर्थ मी दुसऱ्याच वेटचा लावते. "मिसळून झालं की थांबायचं, असं लिहिलंय." आई लाटणं न थांबवता म्हणते, "ऐका. तुम्हाला चहा निवेपर्यंत धीर नसतो." तुम्ही हसता. "पोरीनं वाचलंय ना, मग थांबणार."

आणि तुम्ही थांबायचात. चार-चार दिवस साचा देवघराच्या फळीवर, कुणी हात लावायचा नाही. हार्डनर मात्र अंदाजाने, आणि कडक करणारं म्हणून दोन झाकणं जास्तच. चाक दिसायला सुरेख व्हायचं. पण मिक्सर तापला की दाते मऊ पडून झिजायचे. बालाजी घाटाकडचा चाटवाला ते झिजलेलं चाक हातात नाचवत दारात उभा राहिला होता, "का मिस्त्रीजी, धनिया बाद में पिसा, पहले आप ही का चक्का पिस गया." तुम्हीही हसलात त्याच्याबरोबर. पुढच्या चाकात आणखी एक झाकण वाढवलंत. मग हळूहळू लोक यायचे थांबले आणि तुम्ही साचा गुंडाळून ठेवलात. पंख्यांचं वाइंडिंग तेवढं राहिलं. आईला म्हणालात, "माझ्या हाताला गुण नाही." काकू त्या दिवशी आमच्याकडेच बसल्या होत्या. पुढे गल्लीत ते वाक्य तुमच्या नावाला चिकटलं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये रेझिन आलं. तराजूसमोर सर सांगत होते, "हार्डनर ज़्यादा डालने से चीज़ हार्ड नहीं होती. जितना रिएक्ट करना है उतना ही करेगा, बाकी बेकार बैठा रहेगा." बाटलीवर तेच दोन शब्द होते, बाय वेट. वजनाने. मी घरी आले. तुम्ही पंख्याची तार गुंडाळत होतात. "आज काय शिकलीस?" मी म्हटलं, काही नाही. त्यानंतर तुम्ही सात महिने होतात. दारात कुणी इंग्रजी कागद घेऊन आलं की हाक मारायचात, "हमारी बिटिया से पढ़वा लो." ती हाक बंद व्हायला नको होती मला.

आता सांगते कसं केलं. सावकाश घट्ट होणारं रेझिन घेतलं, तापल्यावरही टिकणारं. दोन्ही भाग काट्यावर ग्रॅमपर्यंत मोजले. काचेच्या धाग्यांचे बारीक तुकडे मिसळले, पण बेताने, जास्त झाले की हवा अडकते. मधली पितळी बुश, दांडा बसतो ती नळी, कानशीने खरवडून घेतली, म्हणजे रेझिन तिला धरून राहतं. आणि तुमच्यासारखीच थांबले. दोन दिवस फळीवर, मग दोन दिवस गच्चीवर पत्र्याखाली उन्हाच्या तावात. थांबणं चुकीचं नव्हतं, बाबा. तेवढं बरोबर वाचलं गेलं होतं, चुकून.

काकूंच्या मिक्सरला ते बसवलं. काकूंनी डाळ वाटली, खोबरं वाटलं, मग मुद्दाम सुकी हळकुंडं टाकली. मोटर तापून वास यायला लागला तेव्हा मी भांडं काढून दात्यांवर बोट फिरवलं. सगळे दाते शाबूत होते. काकूंनीही बोट फिरवलं. "एकदम पक्कं झालंय गं. तुझ्या हाताला गुण आहे. बाबांच्या नव्हता, बिचारे." आई तिथेच तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, तुमच्या बाजूने मी काहीतरी बोलेन म्हणून.

हा कागद धोतराच्या त्याच तुकड्यात, साच्याबरोबर ठेवते आहे. चाक आठवडाभर रोज चालतं आहे. काकूंना मी काही सांगितलेलं नाही. त्या तसं म्हणाल्या तेव्हा मी 'हो' म्हणाले.