आखावरचे दोन चरे

बाबा, यंदा दिवाळी झाल्यावर काकांनी तुमची गाडी फोडायला काढली. सकाळीच अंगणात येऊन ते तिच्याभोवती दोनदा फिरले, एका फळीवर बोटं वाजवून पाहिली आणि म्हणाले, "बारा वर्सं झाले, कोंबड्या बसून राह्यल्या हिच्यात. येवढं सागवान कायले सडवता? माह्या नव्या खोलीच्या चौकटी होतात यात." माय चुलीपुढे भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही. ती काही बोलली नाही की काकांना ती हो म्हणाली असं वाटतं, हे तुम्हांला माहीत आहे. म्हणून मीच बाहेर आले आणि म्हणाले, "काका, मले संक्रांतीपर्यंत द्या. तवापर्यंत हे गाडी रस्त्यानं चालली नाही, त खुशाल फोडा."

"बी. ए. झाली म्हून सुतारकाम येते का तुले?"

"तुमाले तरी कुठं येते?"

माय तव्याकडे बघत हसली. काकाही हसले, पण जाताना मायला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोट्टीले नोकरी नाई लागून राह्यली, म्हून हे खेळ सुचते."

नोकरीचा कागद अजून आलेला नाही, हे खरंच आहे. पण हा खेळ मला रिकामपणातून सुचला नव्हता. कॉलेजच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात मला आपल्या गाडीसारखीच गाडी दिसली होती. तशीच गोल पाठीची, दोन चाकांवर उभी असलेली लाकडी खोली, बाजूला झडपांच्या खिडक्या, मागे दार. खाली कॅरव्हॅन असं लिहिलं होतं. वसतिगृहातल्या मुलींना मी सांगितलं की अशी एक आमच्या अंगणात आहे. कुणाचा विश्वास बसला नाही. त्याच दिवशी मी ठरवलं की शिकून झालं की ती नीट करायची, तिच्या आत फळ्या मारून पुस्तकं आणि पाट्या ठेवायच्या आणि मानोऱ्याकडच्या तांड्यांवर आठवड्यातून एकदा न्यायची. तिथली पोरं शाळेत येत नाहीत, कारण शाळा त्यांच्यापासून लांब आहे. मग शाळेनंच जावं, इतका साधा विचार होता.

तुम्ही ती आणली तो दिवस मला चांगला आठवतो. तेव्हा मी नऊ वर्षांची. रस्त्याच्या खात्याच्या आवारात तुम्ही दारं दुरुस्त करायला जात होता आणि इंग्रजाच्या काळात कुणी साहेब दौऱ्यावर जिच्यात राहायचा ती ही खोली तिथं एका कोपऱ्यात पडून होती. नेतोस तर ने, खात्यातले लोक तुम्हांला म्हणाले. शेजारच्यांचे बैल जोडून तुम्ही ती सडकेवरून आणता आणि मी आतल्या बाकावर बसून झडपेतून बाहेर बघते. सडकेवर ती झोकात चालते. सडक सोडून घराच्या वाटेला लागते तशी ती कलते, बैल अडतात आणि मग दहा माणसं तिला ढकलत अंगणात आणतात. माणसं घाम पुसत तुमची चेष्टा करतात. "सुतारबुवा, साहेब झाले तुमी! आता टोपी आना." तुम्ही हसत नाही. तुम्ही वाकून चाकांकडे बघत राहता.

दसरा झाला की तुम्ही हत्यारांची पिशवी घेऊन गावोगाव कामाला जायचा. दोन दोन महिने घरी यायचा नाही. त्या दिवशी जेवताना मायला म्हणालात, "आता जाईन त तुमाले घेऊनच जाईन. चूल बी तिच्यातच मांडू." माय म्हणाली, "अन् मी का वाटेनं भाकरी थापत जाऊ?" पण तिला ते आवडलं होतं. तिनं तुम्हांला न मागता आणखी वरण वाढलं. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही तापानं गेलात. गाडी तशीच राहिली.

काम सोपं नव्हतं, बाबा. आधी कोंबड्या काढल्या. मग काचेच्या तुकड्यानं रंग खरवडला. हिरव्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली पुन्हा हिरवा. मागच्या दोन फळ्या उधईनं खाल्ल्या होत्या, त्या बदलल्या. तुमचा रंधा माझ्या हातात नीट चालायला पंधरा दिवस गेले. पहिले काही दिवस तो लाकडात रुतून बसायचा आणि माय ओसरीवरून म्हणायची, "दाबू नको. तुह्ये बाबा दाबत नव्हते." जवसाचं तेल कोमट करून मी सगळ्या लाकडाला पाजलं. सागवानाचा रंग वर आला तेव्हा माय हातातलं सूप ठेवून जवळ आली, तळवा फिरवून बघितला आणि परत सुपाकडे गेली. चाकांचे आरे ढिले झाले होते. तुमचे जोडीदार लोहारबुवा आले, गोवऱ्यांच्या गोल जाळात त्यांनी लोखंडी धावा लाल केल्या आणि चाकांवर बसवल्या. पाणी ओतताच धाव आवळली, आरे करकरून घट्ट बसले आणि लोहारबुवा म्हणाले, "पाह्य, आता हे तुह्या नातवाले पुरते."

चाकं बसवण्याआधी मी खालचा आख, दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, साफ केला. दोन्ही टोकांपासून चार चार बोटं आत मला करवतीचा एकेक चरा दिसला. नखाइतका खोल. वाटलं, कुणीतरी तोडायला घेतला असेल आणि सोडून दिला असेल. इतक्या चांगल्या लाकडावर असे घाव पाहून मला वाईट वाटलं. राळ आणि भुसा कालवून मी ते चरे बुजवले, वरून घासले, रंग दिला. बोट फिरवलं तरी लागत नव्हते. मासिकातल्या चित्रात जशी होती तशी, मुळात साहेबाकडे होती तशी गाडी मला करायची होती. त्या दोन जागा मी मायला मुद्दाम दाखवल्या, काम किती सफाईचं झालं म्हणून.

संक्रांतीला आठ दिवस होते. काकांनीच बैल जोडले. त्यांना पुढे बसायची हौस होतीच. सडकेवर ती चालली, बाबा, अगदी तशीच झोकात. शाळेजवळ पोट्टे मागे पळाले. मी आत त्याच बाकावर बसले होते, समोर साठ पुस्तकं, पाट्यांची चळत. मग तांड्याची वाट आली. पावसाळ्यात बैलबंड्या जाऊन जाऊन काळ्या मातीत दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या, उन्हानं दगडासारख्या वाळलेल्या. आपलं एक चाक चाकोरीत उतरलं आणि दुसरं बाहेरच्या उंचवट्यावरच राहिलं. गाडी कलली. पुस्तकं माझ्या अंगावर आली. काकांनी बैल हाकले तसा खालून आखाचा आवाज आला, मोठा, तडकल्यासारखा. मी ओरडून त्यांना थांबवलं.

समोरून कापसाच्या तीन बंड्या आल्या आणि आमच्यामुळे अडल्या. एकजण म्हणाला, "मास्तरीनबाई, शाळा इथंच भरवता का?" दुसरा काकांना म्हणाला, "भाऊ, नवरी बसली का आत? उतरवा न तिले." काका खाली मान घालून बैल सोडत होते. हळू आवाजात मला म्हणाले, "म्या सांगतलं होतं. रस्त्याले नाई जमत हे. झालं न तुह्या मनासारखं? आता चौकटी करू दे." मला रडू येत होतं आणि त्या माणसांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून आख तुटला का बघायला मी गाडीखाली शिरले.

आख शाबूत होता. पण ताणानं माझी राळ तडकून खाली पडली होती आणि दोन्ही चरे उघडे झाले होते. आणि मला एकदम तुमचा राग आठवला. मी लहान असताना एका फळीवर असाच चरा होता, तो खडबडीत दिसतो म्हणून तुम्हांला मदत करायला मी रंधा मारून सपाट केला होता. तुम्ही कधी ओरडायचा नाही, त्या दिवशी ओरडलात. "खून काहून पुसली? आता मी कोनाले इचारू, कुठं कापू?" तुम्ही पेन्सिल वापरत नव्हता. दोरीनं मोजायचा आणि जिथं कापायचं तिथं करवत एकदा हलकी ओढून ठेवायचा. मी शाळेची फूटपट्टी आणून दिली होती, ती तुम्ही हसून माझ्याच दप्तरात ठेवली होती.

समोरची बंडी उभीच होती. मी बैलाच्या दोराचं टोक काकांच्या हातात दिलं आणि तिच्या एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत मापून घेतलं. मग आपल्या आखावर धरलं. दोन्ही बाजूंना दोर बरोबर चऱ्यावर आला. आपली चाकं चाकोरीपेक्षा दोन्हीकडून चार चार बोटं बाहेर होती. बारा वर्षांपूर्वी तुम्ही वाकून चाकांकडे काय बघत होता ते मला त्या धुळीत बसून कळलं.

बंडीवाल्यांनीच ढकलून गाडी सडकेवर काढून दिली. दुसऱ्या दिवशी लोहारबुवांनी, चाकं ज्यांवर फिरतात ते आखाच्या टोकांचे लोखंडी कणे उपसून दिले आणि चहाला गेले. ते परत येण्याआधी मी तुमचीच करवत घेऊन कापायला सुरुवात केली. ती चऱ्यात आपोआप बसली. लोहारबुवा आले, अर्धा काप बघून म्हणाले, "माप कुठून काढलं, पोरी?" मी म्हणाले, "रस्त्यावर मोजलं." खोटं नव्हतं ते. मी मोजलं होतंच.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गाडी तांड्यावर पोचली. दोन्ही चाकं चाकोरीत उतरली आणि तांड्यापर्यंत एकदाही बाहेर आली नाहीत. पोरं आत चढायला घाबरत होती. एक म्हातारी आधी चढली, बाकावर बसून बघितलं आणि म्हणाली, "घर चांगलं हाये. चूल कुठं हाये?" मग पोरं चढली. काकांनी चौकटींचं नाव काढलं नाही. उलट येताना भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या पोट्टीचं डोकं पाह्यलं का? आख कापला, माप असं बरोबर! शिकल्याचं काम हाये ते." मी आत बसून सगळं ऐकत होते. ऐकायला चांगलं वाटत होतं, बाबा.

आखाचे कापलेले दोन तुकडे माझ्या पेटीत आहेत. कडेला नखाइतका तुमचा जुना काळपट चरा आणि त्याच्यापुढे माझा ताजा पिवळा काप. माय ते चुलीत घालायला निघाली होती. एक हातात धरून तिनं कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हा त यांच्या हातचा दिसते." तिनं माझ्याकडे बघितलं. मी दळणाचा डबा उचलला आणि न ऐकल्यासारखं केलं. पण तिनं ते तुकडे चुलीत घातले नाहीत, माझ्या पेटीवर ठेवले.

तुम्हांला वाचता येत नव्हतं, म्हणून हे सगळं लिहायला मला धीर झाला. मायलाही वाचता येत नाही. माप तुमचं होतं, हे तिला तोंडानंच सांगावं लागेल. सांगते सांगते म्हणत आज चार दिवस झाले.