सोमवारची गोळी

प्रिय धुरपता,

"पाणी पेलं तरी फुगते," हे आपण दोघी बहिणींनी सासरी-माहेरी सारखंच ऐकलं. आपला थायरॉइड मंद चालतो हे कोणी ऐकून घेत नाही, सगळ्यांना फक्त आपलं ताट दिसतं.

मी इथे नाशकात ठणठणीत आहे. काल बायकांच्या सभेत याच अन्यायावर तासभर बोलले, टाळ्याही झाल्या. मग घरी येऊन तुझ्या खुशीला फोन केला, तर ती म्हणते, "मावशी, आई उपासाच्या दिवशी गोळी घेतच नाई. म्हणते, पूजेच्या आधी तोंडात काई टाकू नाई."

तुझे सोमवार, गुरुवार आणि आता शनिवारही. वजन उतरावं म्हणून तू उपास वाढवलेस आणि त्यातच औषध सुटलं. पुलगावच्या बाजारात भाजीच्या टोपलीमागे तुला डुलक्या लागतात, हेही खुशीनेच सांगितलं. मला तू फक्त वांगी चांगली आली एवढंच कळवतेस.

माझं वजन वर्षभरात पाचच किलो उतरलं. पण रोजच्या गोळीने अंगात जीव आला, म्हणून चालणं तरी जमलं. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

उपास सोड असं म्हणत नाही. तुझ्या देवाशी माझं भांडण नाही, मला भीती तुझ्या थकव्याची वाटते. औषधाने उपास मोडत नाही, म्हणून येत्या सोमवारपासून रोज उठल्याबरोबर, पूजेच्या आधी, साध्या पाण्यासोबत गोळी घे.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई